राजश्रीच्या नावाचं ताट

त्या चातुर्मासात माझं रात्रीचं जेवण रोज थोडं थंडच व्हायचं. मी ताट वाढून घ्यायची आणि पहिला घास घ्यायच्या आत राजश्री फोन घेऊन यायची. ताटावर फोन धरायची, आमटीची वाटी जराशी पुढे सरकवायची, उजेड नीट पडतोय का बघायची. फोनमधली बाई गोड आवाजात म्हणायची, ‘जेवणाची नोंद झाली. धन्यवाद, राजश्री.’ मग ती फोन पदराला पुसून फडताळात ठेवायची आणि मला म्हणायची, ‘‘जेवा आता, आक्का.’’

ताट माझं आणि नोंद तिची. असे अकरा आठवडे मी जेवले. त्यातला एकही घास मला आज गोड आठवत नाही, पण तेव्हा मी ते सगळं नीट चावून खाल्लं, हे खरं आहे.

राजश्री माझी धाकटी जाऊ. आमच्या विट्याच्या बाजूची माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. जुने दागिने आटवायचे, सोनं शुद्ध करून द्यायचं, हे पिढीजात काम. आमचे दोघींचे मालकही दक्षिणेतल्या एका शहरात दुकान सांभाळून होते, आणि दोन वर्षांपासून माझा मुलगा शर्विलही तिकडेच होता. विट्याच्या घरात आम्ही दोघीच. राजश्रीला मूल झालं नाही. शर्विल लहान असताना मला क्षयाच्या औषधांवर आठ महिने वेगळं राहावं लागलं होतं, तेव्हापासून तो तिच्याच कुशीत झोपायचा. मोठा झाल्यावरसुद्धा फोन आला की आधी विचारायचा, ‘काकी कुठाय?’ मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण ते फार वाटलं नाही.

वैशाखात तिच्या छातीतली गाठ काढली. गाठ गेली, पण डॉक्टर म्हणाल्या की खरं भांडण आता पुढे आहे.

डॉक्टर तन्वी कोरे इथल्याच. त्यांच्या वडिलांचे चोवीस यंत्रमाग होते. आमच्या तालुक्याच्या वेशीवर जे नवं कर्करोग केंद्र झालं, तिथे त्या मोठ्या शहरातली नोकरी सोडून आल्या होत्या. बोलायच्या तर समोरच्याला समजेपर्यंत बोलायच्या. त्या दिवशी त्यांनी आम्हा दोघींना खुर्च्या जवळ ओढायला लावल्या आणि कागदावर मागांच्या रांगा काढल्या.

पेशी म्हणजे एक मागाचा कारखाना समजा, त्या म्हणाल्या. कोणतं कापड विणायचं याचा मूळ नमुना डीएनएत असतो. त्याच्या प्रती निघतात, त्यांना आरएनए म्हणतात, आणि त्या प्रतींवरून प्रथिनं विणली जातात. पण काही आरएनए लांबलचक असतात आणि त्यांच्यावरून काहीच विणलं जात नाही. आधीचे शास्त्रज्ञ त्यांना अडगळ समजायचे. पुढे कळलं की ते कारखान्यातले मुकादम आहेत. स्वतः एक धागा विणत नाहीत, पण कोणता माग चालू ठेवायचा आणि कोणता बंद पाडायचा, हे तेच ठरवतात.

राजश्रीनं विचारलं की मग तिच्या कारखान्यात काय बिघडलंय.

‘‘एक मुकादम फितूर झालाय,’’ कोरे म्हणाल्या. ‘‘पेशींना जागच्या जागी धरून ठेवणारे जे माग आहेत, ते त्यानं बंद पाडलेत. मग पेशी जागा सोडतात, रक्तातून हिंडतात आणि हाडात, फुप्फुसात जाऊन बसतात. आपल्याला गाठीशी नाही, या मुकादमाशी भांडायचंय.’’

भांडायचं कसं, तेही त्यांनी सांगितलं. त्या आरएनएच्या एका तुकड्याला बरोबर जुळेल अशी छोटी उलटी साखळी प्रयोगशाळेत बनवतात. ती पेशीत शिरून त्याला चिकटते. दोन साखळ्या अशा जुळल्या की पेशीतलीच एक कात्री येऊन मुकादमाचे तुकडे करते. औषध नेमकं आहे, पण जास्त झालं तर रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणून रोजचा डोस रोज ठरवायचा. ते काम दंडावरची पट्टी करणार होती. तळहाताएवढी, आतून केसाहून बारीक सुया असलेली. रोज पहाटे सहा वाजता ती कातडीखालचा द्रव ओढायची. पेशी आपल्यातला थोडा माल इवल्याशा पिशव्यांत भरून बाहेर टाकतात, त्या पिशव्यांत हा मुकादम किती सापडतो ते मोजायची आणि त्या आकड्यावरून दिवसाचं औषध सोडायची. आकडा चढला तर जास्त, उतरला तर कमी. केंद्रातल्या सगळ्या पट्ट्या एकाच यंत्राला जोडलेल्या होत्या. एकीवरून ते शिकायचं आणि दुसरीला लावायचं.

राजश्रीचा पहिला आकडा चारशे बारा होता.

निघताना कोरेंनी बजावलं की दोन्ही वेळा पोटभर जेवायचं, उपास-तापास बंद, दोन्ही ताटांचे फोटो पाठवायचे. राजश्रीनं मान हलवली. आम्हाला वाटलं, हे सगळेच डॉक्टर सगळ्यांनाच सांगतात.

शर्विलची बातमी आषाढात आली, तेव्हा पट्टी लागून महिना झाला होता. कुणीतरी चार बांगड्या आणून दिल्या, त्यानं रीतसर पावती करून घेतल्या आणि आटवल्या. बांगड्या चोरीच्या निघाल्या. पावतीवरचा माणूस त्या पत्त्यावर राहतच नव्हता. शर्विलला कोठडीत घेतलं आणि माझ्या मालकांचा आवाज फोनवर इतका बारीक आला की मला आधी वाटलं दुसरंच कुणी बोलतंय.

मी उठले, हातपाय धुतले आणि देवघरापुढे बसले. संकल्प सोडायला हातात पाणी घेतलं, तेवढ्यात राजश्रीनं माझं मनगट धरलं. मला रोज दोनदा इन्सुलिनची सुई लागते. एक जेवण चुकलं की मी घामाघूम होऊन आडवी होते, हे तिनं दोनदा पाहिलेलं होतं.

‘‘तुमच्यानं निभणार नाही, आक्का. तुमच्या वाटचं मी धरते.’’

मी तिला म्हटलं की तुझ्या दंडावर पट्टी आहे. ती हसली. म्हणाली, पट्टी दंडावर आहे, पोटावर नाही. आणि माझ्या हातातलं पाणी तिनं आपल्या हातात घेतलं. शर्विल घरी येईपर्यंत एकभुक्त. दुपारी एकदा जेवायचं, नंतर दुसऱ्या दुपारपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. आमच्याकडे असं व्रत उद्यापन होईपर्यंत बाहेर बोलत नाहीत. तिनं माझ्याकडून शर्विलची शपथ घेतली, आणि मी ती दिली.

आता मागे वळून बघते तेव्हा मला त्या क्षणातली एकच गोष्ट टोचते. तिनं पाणी घेतलं तेव्हा मला हलकं वाटलं होतं.

पंधरा दिवसांत आकडा तीनशेवर आला. श्रावणात एकशे ऐंशी. कोरेंनी फोन करून अभिनंदन केलं आणि म्हणाल्या की पट्टीनं औषध निम्म्यावर आणलंय, इतकं छान चाललंय. त्या दिवशी राजश्रीनं देवाला दुर्वांची जुडी वाहिली आणि बराच वेळ डोळे मिटून बसली. उठल्यावर म्हणाली, ‘‘बघा, धरलं पोरासाठी आणि देव मलाही देतोय.’’ मी तिच्या पायाशी वाकले. ती ओरडली माझ्यावर, मोठ्या जावेनं असं करतात का म्हणून.

मी रोजची पोथी वाचायची, ती ऐकायची. श्रावण सरता सरता ती मांडी घालून बसायची थांबली. भिंतीला टेकून पाय पसरून बसू लागली. विचारलं तर म्हणाली कंबर धरलीय, वय झालं. वय पन्नास. वजन चार किलो उतरलं होतं, ते औषधानं असेल असं केंद्रातल्या सिस्टर म्हणाल्या. त्यांच्याकडे तिच्या दोन्ही वेळच्या ताटांचे फोटो होते. जेवण तर भरपूर दिसत होतं.

भाद्रपदात महिन्याची तपासणी होती, म्हणून मी तिच्याबरोबर केंद्रात गेले. बाहेरच्या दालनात पंधरा-वीस जणी बसलेल्या. सगळ्यांच्या दंडावर तीच पट्टी. आटपाडीची रेश्मा म्हणून एक होती, तोंडाची फटकळ. तिनं पिशवीतून पेरू काढला आणि आमच्या पुढ्यात धरला. राजश्रीनं नको म्हणून मान हलवली, तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. रेश्मानं तिच्याकडे नीट बघितलं.

‘‘काय गं, कशाचं धरलंयस?’’

राजश्रीनं पिशवी मांडीवर ओढली. रेश्मा तोंडाला पदर लावून हसली. म्हणाली की तिनंही धरलंय, चातुर्मासभर, बरं वाटावं म्हणून. आणि फोटो? तर फोटो सासूबाईंच्या ताटाचा. ‘‘आमच्या सासूबाईंचं ताट म्हंजे डोंगर. डॉक्टरीण बाई मला म्हणत्यात, रेश्मा, भूक चांगली लागतेय की तुला.’’ शेजारच्या दोघी-तिघी हसल्या. एक म्हणाली तिचा दीर मुकाट्यानं फोटो काढू देतो, पण ताटात मटण असलं की पंचाईत होते. पुन्हा हसल्या. मीही हसले. हसता हसता मी त्यांच्या दंडांकडे बघत राहिले.

आत कोरे खुशीत होत्या. राजश्रीचा त्या दिवशीचा आकडा शहाण्णव होता. तिला रक्त द्यायला पाठवून त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला आणि कौतुकानं दाखवला. केंद्रात हे औषध एकशे त्रेचाळीस बायकांना चालू होतं. आषाढ लागल्यापासून त्यातल्या निम्म्याहून जास्त जणींची रेघ खाली आली होती. आतड्याच्या कर्करोगासाठी हेच औषध घेणाऱ्या पुरुषांची मात्र होती तिथेच. बायकांच्या शरीरात औषध जास्त चांगलं लागू पडतंय, असं यंत्रानं शिकून घेतलं होतं. पुढच्या आठवड्यापासून नव्यानं येणाऱ्या प्रत्येक बाईला ते मुळातच कमी डोसवर सुरू करणार होतं.

मी विचारलं, ‘‘बाई, माणूस उपाशी राहिलं तर तो मुकादम काय करतो?’’

सहज विचारल्यासारखं विचारलं मी. त्यांनी पडद्यावरून नजर माझ्याकडे वळवली. मग म्हणाल्या की प्रयोगशाळेत पेशींचं अन्न तोडलं की त्या कामं आवरतात. पिशव्या बाहेर टाकणं आधी बंद होतं. मुकादम आत असतोच, आपलं कामही करत असतो, फक्त बाहेर त्याची चाहूल लागत नाही. पट्टी मोजते ते बाहेर आलेलं.

‘‘का विचारलंत?’’

चार दिवसांवर शर्विलच्या जामिनाची तारीख होती. मी म्हटलं, असंच.

‘असंच’ हा माझा शब्द मी नंतर पुष्कळ वेळा आठवला. देवापुढे बसले की आधी तोच आठवायचा.

घरी आल्यावर मी राजश्रीला कोरे म्हणाल्या ते सगळं सांगितलं. पट्टी फसतेय, औषध कमी पडतंय, ती कंबर वयाची नाही. तिनं ऐकून घेतलं. ती वाती वळत होती, त्या वळतच राहिली. म्हणाली की चार दिवस थांबा. जामीन झाला की शर्विल पहिल्या गाडीनं येईल, आपण उद्यापन करू आणि मी तुमच्यासमोर दोन्ही वेळा जेवेन. इतके दिवस निघाले, आता काठाला आल्यावर सोडू म्हणता?

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं.

‘‘तो तुमचा पोरगा आहे, आक्का. तुम्हीच असं म्हटल्यावर मी कुणाच्या जिवावर धरू?’’

मी थांबले. हे मी तिच्यासाठी केलं असं म्हणायची माझी छाती नाही. मला माझा मुलगा हवा होता, आणि तिच्या पोटातल्या भुकेवर माझा विश्वास माझ्या पोथीपेक्षा जास्त बसला होता.

चौथ्या दिवशी दुपारी फोन आला. तारीख पुढे गेली, चौदा दिवसांनी. सरकारी वकिलांनी वेळ मागून घेतली होती.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाक केला, सुई टोचून घेतली, पाट मांडला आणि ताट रिकामंच ठेवलं. राजश्री फोन घेऊन आली. तिनं ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

‘‘आज याचाच काढ,’’ मी म्हटलं. ‘‘जे आहे ते पाठव.’’

ती चिडली नाही. मला म्हणाली सुई घेतलीय ना, मग वाढून घ्या, अंगाशी खेळू नका. मी तशीच बसून राहिले. थोड्या वेळानं मला हातापायांतून मुंग्या येऊ लागल्या. ती आत गेली. मला वाटलं माझ्यासाठी साखर आणायला गेली. साखर आणलीही तिनं, माझ्या तोंडात घातली, पाणी पाजलं, ताटात भाकरी वाढली आणि मी पहिला घास घेईपर्यंत माझा हात धरून बसली. पण फोनमधली बाई तिच्या हातातून त्याआधीच बोलून गेली होती. ‘जेवणाची नोंद झाली.’

मी देवघरापाशी गेले. सांजेचा नैवेद्य केळीच्या पानावर तसाच होता. भात, वरण, त्यावर तुळशीचं पान. त्याचा तिनं फोटो काढला होता.

तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर तिला तो प्रसादच वाटला असेल. पण मी तिथे उभी राहिले आणि मला देवाकडे वर बघवेना. इतके दिवस खोटं आम्हा दोघींचं होतं. आता आम्ही त्यालाही साक्षीला ओढलं होतं. त्यानं कधी मागितलं होतं हे? माझ्या सासूबाईंनी मला वाचायला शिकवलेल्या पोथीत कुठल्याच पानावर असं लिहिलेलं नाही की दुसरीचं शरीर आणून ठेव.

सकाळी सातला मी कोरेंना फोन लावला. शर्विलची शपथ मोडताना माझी जीभ अडखळली, म्हणून आधी त्याचं नाव घेऊन माफी मागितली आणि मग सगळं सांगितलं. सत्त्याहत्तर रात्री, माझी ताटं, शेवटचं ताट देवाचं. त्या रागावतील असं वाटलं होतं. पण त्यांनी हळूच एवढंच विचारलं, ‘‘किती जणी?’’

मी म्हटलं, मला एकीचं माहीत आहे आणि बाकीच्यांचं हसू माहीत आहे.

राजश्रीला त्याच दिवशी स्कॅनच्या मोठ्या यंत्रात घातलं. कंबरेच्या हाडात दोन ठिकाणी आणि मणक्यात एका ठिकाणी मुकादमानं बस्तान बसवलं होतं. कोरेंनी ते तिला माझ्यासमोरच सांगितलं, काही न लपवता. अकरा आठवडे औषध पुरेसं मिळालं असतं तर हे थांबलं असतं का, असं राजश्रीनं विचारलं नाही. मी विचारलं. त्या म्हणाल्या, बहुतेक. पट्टी काढून काही दिवस औषध थेट शिरेतून पूर्ण द्यायचं ठरलं. हाडावर किरणं द्यायची ठरली. बरं होईल का, असंही मी विचारलं. म्हणाल्या, आधी नीट जेवायला लागा, म्हणजे निदान खरा आकडा कळेल.

वाटेत राजश्री माझ्याशी बोलली नाही. घरी आल्यावर दोन ताटं वाढली, आपल्या ताटातलं तिसऱ्या भागाइतकं खाल्लं आणि उठली. जेवली, म्हणून मी काही म्हटलं नाही. व्रत तिनं सोडलं नव्हतं, माझ्यामुळे ते सुटलं होतं, आणि ते सुटण्याचं पाप कुणाचं, हे आम्हा दोघींनाही विचारायचं नव्हतं. तिसऱ्या दिवशी पहाटे सहा वाजता, नुसतं मोजायला लावलेली नवी पट्टी बोलली. पाचशे एकतीस.

चौदा दिवसांनी शर्विलचा जामीन नाकारला गेला. मालकांचा फोन आला तेव्हा ती माझ्या शेजारी उभी होती. फोन ठेवल्यावर ती देवघरात गेली नाही. परसात गेली, दोरीवरचे सुकलेले कपडे काढले, घड्या घातल्या, पुन्हा मोडल्या, पुन्हा घातल्या. मला तिनं एकदाही काही म्हटलं नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

कोरेंनी मला बोलावलं होतं. पट्ट्यांचं यंत्र त्यांनी थांबवलं होतं, कमी डोसवर सुरू होणाऱ्या अकरा नव्या बायका त्यामुळे वाचल्या. पण आधीच्या निम्म्याहून जास्त जणींपैकी कुणाचा आकडा खरा आणि कुणाचा भुकेचा, हे कळायला मार्ग नव्हता. त्यांनी एकेकीला फोन केला होता. सगळ्या जणी म्हणाल्या, आम्ही दोन्ही वेळा जेवतो. सगळ्यांनाच स्कॅनच्या यंत्रात घालायला केंद्रात वेळही नव्हता आणि जागाही नव्हती.

‘‘मला नाही सांगणार त्या,’’ कोरे म्हणाल्या. ‘‘मी उपासाला नावं ठेवणारी डॉक्टर. तुम्ही ठेवत नाही, हे त्यांना तुमच्याकडे बघून कळेल.’’

बुधवारी राजश्रीला औषध चढवायचं होतं. ते झाल्यावर ती दालनातल्या बाकावर काठीवर हात टेकून बसली आणि मी त्या बायकांसमोर उभी राहिले. मला मोठ्यानं बोलायची सवय नाही. मी म्हटलं की मी रोज पोथी वाचते, माझेही नेम आहेत, आणि मला कुणाचा देव सोडायला सांगायचा नाही. पण भुकेल्या अंगात आपला वैरी लपून बसतो आणि आपल्याला वाटतं तो गेला. आमच्या घरात असं झालं. एवढं बोलून मी थांबले, कारण पुढचं राजश्रीचं होतं आणि ते सांगायचा हक्क मी एकदा वापरून बसले होते.

सगळ्या जणी आपापल्या पिशव्यांत बघू लागल्या. रेश्मा म्हणाली, ‘‘आमच्याकडं असलं काही नसतंय, मावशी,’’ आणि खिडकीबाहेर बघत बसली. तीन आठवड्यांपूर्वी ती आमच्यासमोर हसत हसत जे बोलली होती, ते जणू कुणी दुसरीच बोलली होती.

मी पाणी प्यायला नळाकडे गेले. भांडं भरून वाहू लागलं तरी माझ्या लक्षात आलं नाही. मागून कुणीतरी तोटी बंद केली. रेश्मा होती. इकडे तिकडे बघून तिनं अगदी खालच्या आवाजात विचारलं, ‘‘समजा एखादीनं केलं असंल. तर तिनं काय करायचं? अर्ध्यात सोडलं आणि काही इपरीत झालं तर?’’

उत्तरादाखल माझ्याकडे कोठडीतला मुलगा होता. मी ते सांगणार, तेवढ्यात काठीचा आवाज आला. राजश्री बाकावरून उठून आमच्यापर्यंत आली होती. ती एवढं चालली ते मला नंतर कळलं, तेव्हा मी फक्त तिचा चेहरा बघत होते. ती रेश्माच्या समोर उभी राहिली.

‘‘इपरीत व्हायचं ते होतंच,’’ ती म्हणाली. ‘‘मी अकरा आठवडे धरलं. पोरगा आत आहे आणि हे हाडात गेलंय. तू आज बाईंना सांग. आत्ता, घरी जायच्या आधी.’’

रेश्मा तिच्याकडे बघत राहिली. मग पदरानं नाक पुसलं आणि कोरेंच्या दाराकडे वळली. दारापाशी थांबली, परत मागे बघितलं. राजश्रीनं तिला काठीनंच आत जायची खूण केली.

मग ती माझ्याकडे वळली. सतरा दिवसांनी माझ्याशी पहिला शब्द बोलली.

‘‘मी तुम्हाला माफ केलंय असं समजू नका.’’

मी म्हटलं, नाही समजत.

‘‘त्याची पुढची तारीख दिवाळीनंतर आहे.’’

मी म्हटलं, माहीत आहे.

‘‘तोवर मी टिकले पाहिजे. तो आल्यावर मी घरात नसले तर तो तुम्हालाच विचारणार, काकी कुठाय. तुम्हाला सांगता यायचं नाही.’’ तिनं दोन्ही हात काठीवर टेकवले. उभं राहणं तिला जड जात होतं. ‘‘चला, आक्का. तुमच्या जेवणाची वेळ टळून गेली.’’

रिक्षात तिनं पिशवीतून डबा काढला. दुपारचे दोन वाजत आले होते. भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि तोंडात घालून ती बाहेर बघत बराच वेळ चावत राहिली. अन्न तिला नको होतं, ते दिसत होतं. दुसरा तुकडा मोडला. माझ्या हातावर एक अर्धी भाकरी ठेवली, माझ्याकडे न बघता.

मी ती खाल्ली. त्या रस्त्यावर खड्डे फार आहेत. प्रत्येक धक्क्याला तिचे ओठ घट्ट मिटायचे, आणि धक्का ओसरला की ती पुन्हा चावायला लागायची.